काही न केल्याची भाकरी

एकदा एका घाटमाथ्यावर मेंढपाळांचा तळ पडला होता. दिवाळी उलटून गेली होती, माळावरचे गवत सुकले होते, आणि तीनशे मेंढरे घेऊन घाट उतरायचा, कोकणातल्या शिवारात चराईला जायचे, असा या मंडळींचा दरसालचा शिरस्ता. घाट उतरायला अजून दहा दिवस होते. तेवढ्या दिवसांत तळावरच्या धुळाप्पा नावाच्या मेंढपाळाला आपले कुत्रे वाचवायचे होते.

कुत्र्याचे नाव काजळ्या. त्याची आई लांडग्याशी झुंजताना मेली तेव्हा या पिल्लाने डोळेही उघडले नव्हते. धुळाप्पाने मेंढीच्या दुधात चिंधी भिजवून त्याला जगवले. पुढे मात्र त्याने आपल्या लोकांची चालत आलेली रीत पाळली. कुत्रे तिखट व्हावे म्हणून त्याला अर्धपोटी ठेवायचे, दिवसभर आखूड दोरीने बांधायचे आणि कोणावर भुंकले की शाबासकी द्यायची. काजळ्या तिखट झाला. इतका झाला की हलणाऱ्या पानावर भुंके, पाण्याच्या घागरीवर भुंके, आणि मोटारीचा आवाज आला की चाकांवर धावून जाई.

मागल्या साली घाटाच्या तिसऱ्या वळणावर ट्रकचा भोंगा वाजला. काजळ्या चाकांवर धावला, मेंढरे बिथरली आणि नऊ मेंढ्या दरीत गेल्या. त्यांतल्या चार गाभण होत्या.

तळाचा कारभारी सत्याबा हा मनाने वाईट माणूस नव्हे, पण कळप त्याच्या शब्दावर चालत होता. तो म्हणाला, "धुळा, औंदा हे कुत्रं घाट उतरायचं न्हाई. निघायच्या दिवशी त्याला हितंच पिंपळाला बांधायचं. कुणी तुकडा टाकला तर जगंल."

धुळाप्पाने मान खाली घातली. त्याला सत्याबाचे चुकते असेही वाटेना आणि पिंपळाला बांधलेला काजळ्या डोळ्यांपुढून हलेना.

खिंडीजवळ एक वृद्ध मेंढपाळ एकटा राहत असे. पाय थकले म्हणून त्याने फिरणे सोडले होते. सारे त्याला आबा म्हणत. त्याच्या हाताखाली वाढलेली कुत्री हाक न मारता कळप वळवीत, अशी त्याची ख्याती. धुळाप्पा काजळ्याला दोरीने ओढत त्याच्याकडे गेला आणि म्हणाला, "आबा, ह्याला गप बसायला शिकवा."

आबांनी कुत्र्याच्या बरगड्या पाहिल्या. "आधी दोन दिस पोटभर खायाला घाल. मग ये."

तळावर हसे झाले. पोट भरलेले कुत्रे राखण काय करणार, झोपा काढणार, असे जो तो म्हणू लागला. धुळाप्पाने ऐकून घेतले आणि काजळ्याला पोटभर घातले.

तिसऱ्या दिवशी आबांनी दोघांना एका उंच बांधावर नेले. तिथून घाटाचा रस्ता दिसे, पण पुष्कळ लांब. ट्रक यायचे, जायचे, आवाज पुसट यायचा. आबांनी दोरी सैल सोडली, खाली बसले आणि धोतराच्या सोग्यातली भाकरी मांडीवर ठेवली. आता काहीतरी शिकवण सुरू होईल म्हणून धुळाप्पा सावरून बसला. काहीच सुरू झाले नाही. एक ट्रक गेला. काजळ्याने कान टवकारले, पाहिले, आणि पुन्हा मान खाली टेकली. आबांनी भाकरीचा तुकडा हळूच त्याच्या पुढच्या दोन पायांत ठेवला.

"ह्यो तुकडा कशाचा, आबा? त्यानं तर काहीच केलं न्हाई."

थोड्या वेळाने, कुत्रे नुसतेच पडून असताना, आबांनी दुसरा तुकडा ठेवला. मग तिसरा. काजळ्या भुंकला की मात्र आबा दूर डोंगराकडे पाहत बसत. सारी दुपार हेच चालले. धुळाप्पाच्या जिवाचा नुसता संताप झाला. हातातले दिवस चालले होते आणि हा म्हातारा झोपाळू कुत्र्याला भाकरी चारीत होता.

दुसऱ्या दिवशी ते वीस पावले पुढे सरकून बसले. एक मोठी गाडी आली, काजळ्या उठून भुंकला, आणि धुळाप्पा सवयीने खेकसला, "ए, गप! गप म्हणतो ना!" कुत्रे दुप्पट भुंकू लागले. आबा मुकाट्याने उठले आणि वीस पावले मागे जाऊन बसले.

"कुत्रं भुंकलं म्हणून मागं आलो?" धुळाप्पाने विचारले.

"न्हाई. तू भुंकलास म्हणून."

धुळाप्पाचा चेहरा उतरला. तेव्हा आबा प्रथमच सविस्तर बोलले. "हे बघ लेकरा. त्याला तुझी भाषा येत न्हाई. गाडी आली की त्याच्या पोटात गोळा येतो. मग ते तुझ्याकडं बघतं, की मालकाचं काय म्हणणं. तू त्याच घडीला ओरडतोस. त्याला वाटतं, मालकबी घाबरलाय, चला, दोघं मिळून भुंकू. जन्मापासनं तू त्याच्याकडं बघितलंस कवा? ते भुंकलं तवा. ते गुमान पडलेलं असतं, तवा तुझं ध्यान कुठं असतं? जगात आपण आहोत हे सांगायला त्याला भुंकण्याबिगर वाटच ठेवली न्हाईस तू. मी त्याला शांतपणाची भाकरी देतोय. ती त्याला आजवर कुणी दिली न्हाई."

धुळाप्पाने आबांच्या मांडीवरची भाकरी उचलून आपल्या मांडीवर घेतली.

त्या दिवसापासून तुकडा तो ठेवू लागला. काजळ्याकडे पाहायला शिकता शिकता त्याच्या ध्यानात येऊ लागले, की भुंकण्याआधी कुत्र्याची पाठ ताठ होते, त्याच्याही आधी श्वास थांबतो, आणि तो श्वास सुटला की सारे अंग सैल पडते. इतकी वर्षे हे जनावर त्याच्या पायाशी होते, आणि त्याने त्याला श्वास घेताना पाहिले नव्हते. रोज ते थोडे पुढे सरकत. नवव्या दिवशी दोघे रस्त्याच्या कडेला बसले होते.

निघायचा दिवस उजाडला. सत्याबा पिंपळाखाली दोर घेऊन उभा होता. धुळाप्पा एवढेच म्हणाला, "तिसऱ्या वळणापतूर येऊ द्या. तिथं चुकला, तर मी सोता परत आणून बांधतो." सत्याबाने दोर खांद्यावर टाकला आणि तो कळपापुढे चालू लागला.

तिसऱ्या वळणावर कठड्यावर आबा बसले होते. पहाटेच्या एसटीने ते उतरून आले होते. एवढ्यात खालून एक टँकर वर चढला आणि वळणावर त्याचा भोंगा असा वाजला की दरीतून तो पुन्हा ऐकू आला. मेंढरे थबकली. धुळाप्पाच्या गळ्याशी आरोळी आली. ती त्याने गिळली, श्वास सोडला, हात खाली राहू दिले.

काजळ्याने टँकरकडे पाहिले. मग त्याने धुळाप्पाकडे पाहिले. तिथे जे हवे होते ते त्याला मिळाले असावे, कारण तो दरीच्या कडेला गेला आणि दरी व मेंढरे यांच्या मधोमध शांतपणे बसला. कुत्रे बसलेले पाहून पुढची मेंढी स्थिर झाली, तिच्यामागे दुसरी, आणि पाहता पाहता तीनशे मेंढरे जागच्या जागी उभी राहिली. टँकर हातभर अंतरावरून निघून गेला. घाटात फक्त गळ्यांतल्या घंटा किणकिणत होत्या. ज्या ठिकाणी नऊ जीव गेले होते, तिथे एक मुके जनावर धुळाप्पाच्या चेहऱ्यावर विश्वास ठेवून बसले होते.

सत्याबाने खांद्यावरचा दोर काढला आणि घोड्यावरच्या ओझ्यात खोचला.

आबा कठड्यावरून उतरले. त्यांनी भाकरीचा एक तुकडा काजळ्याच्या पुढच्या पायांत ठेवला आणि दुसरा धुळाप्पाच्या हातावर.

"कुत्र्याचं कळलं," सत्याबा म्हणाला. "पर ह्यानं काय केलं?"

"काही न्हाई," आबा म्हणाले.

धुळाप्पाने तो तुकडा दोन्ही हातांत धरला. त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होते, आणि काजळ्या खाली बसून त्याच्याकडे पाहत होता.

आज घरी गेल्यावर आपणही एकदा पाहावे, आपल्या घरात कोण गप्प बसले आहे.