मीर्तोनं मागितलेली माणसं

फार फार वर्षांपूर्वी ग्रीकांच्या मुलखात लीर्का आणि थेमोस अशी दोन शहरं होती. भाषा एक, देव एक, आणि वैर मात्र सात जन्मांचं. त्यांच्या मधोमध केरास नावाचं एवढंसं खेडं. दोघांच्या भांडणात तिसऱ्याचा लाभ म्हणतात ना, केरासचा कधी झाला नाही. शहरं भांडायची आणि आग लागायची केरासच्या शेतांना.

त्या गावात मीर्तो राहायची. कुणी गेलं की त्याला शेवटची आंघोळ घालायची, हे तिचं काम. एकुलता एक लेक अल्कोन. त्याला लीर्कावाल्यांनी ढाल देऊन पुढे उभा केला. केरासच्या जवाच्या शेतात दिवसभर कापाकापी झाली. तीनशे माणसं पडली, त्यांत अल्कोनही गेला. आणि जिंकलं कोण, ते कुणालाच सांगता येईना.

आता त्या लोकांची रीत ऐका. लढाई थांबली की जो आपली प्रेतं मागायला येईल, तो हरला. मागितली की समोरच्यानं नाही म्हणायचं नाही, पण मागणाऱ्याची हार पक्की. मग मागतो कोण! पडले तरी यांचं नाक वर. दोन दिवस दोन्ही सैन्यं आपापल्या टेकडीवर बसून राहिली आणि पोरं खाली उन्हात पडलेली. माती मिळाली नाही तर जीव पैलतीरी जात नाही, भटकत राहतो, असं तिकडे मानत. मीर्तोला ते बघवेना.

तिसऱ्या दिवशी तिनं घडा डोक्यावर घेतला आणि दोन्ही सेनापतींना बांधावर बोलावलं. म्हातारीला काय हवंय म्हणून हसत हसतच ते आले.

ती म्हणाली, "तुमचं चालू द्या. शेत आमचं जळलं, पोरं आमची गेली. आम्ही हरलो. आमची माणसं द्या."

"तुमची किती?" थेमोसच्या सेनापतीनं विचारलं.

"सगळी."

हरलेल्याला नाही म्हणता येत नाही, रीत त्यांचीच. दोघांनी मान खाली घालून वाट दिली, असं म्हणतात.

मीर्तो शेतात उतरली. पण काय सांगू, तीन दिवसांच्या उन्हात एकाचाही चेहरा उरला नव्हता. पोटचा पोर आईला ओळखू येईना. ती तिथंच बसून पोटभर रडली. मग पहिलं प्रेत मांडीवर घेऊन म्हणाली, "अल्कोन, चल बाळा, आंघोळ करायची ना." दुसऱ्यालाही ती अल्कोनच म्हणाली. तिसऱ्यालाही. तीनशे जणांना तिनं लेकाच्या नावानं हाक मारली आणि घड्यातलं पाणी काही सरलं नाही, असं म्हणतात. असंही म्हणतात, की त्यातल्या एकानं हळूच ओ दिली. कितव्यानं, ते तिनं कुणाला सांगितलं नाही.

लीर्का आणि थेमोस कुठं होती, ते आज कुणाला ठाऊक नाही. केरास अजून आहे. तिथं कुणी पुरुष गेला, गावचा असो, परका असो की वैरी, तर त्याला आंघोळ घालताना आधी अल्कोन म्हणून हाक मारतात आणि जरा थांबतात. न जाणो, हाच तिचा असला तर.