आडवी फांदी

"वाट दाखवता की नाही, तेवढं सांगा."

निळकंठनं तिसऱ्यांदा विचारलं. दौलतगिरी बाबा वाखाची दोरी वळत होते. हात थांबला नाही.

"ऐकताय ना, बाबा?"

"ऐकतोय."

"मग?"

"ऐकलं."

चुलीपाशी मठाचं रांधणारी सुकलीबाई फिसकन हसली. निळकंठला ते लागलं. तो आता पूर्वीचा चेला राहिला नव्हता. जिल्ह्यात त्याची वकिली चालत होती. तो बोलायला उभा राहिला की लोक कान देऊन ऐकत.

मठ म्हणजे कुडाची एक खोली. एकच दार. दाराला आतून लोखंडी कडी होती, बाहेरून साखळी. निळकंठ इथं तीन वर्षं राहिला होता. त्या तीन वर्षांत ना त्यानं कडी लावलेली पाहिली, ना साखळी. वाटसरू येई, कुत्रं येई, कुणालाही मज्जाव नव्हता.

खैरखोंडी हे या बाजूचं शेवटचं गाव. पलीकडं मुकाडोंगर. डोंगरावर माणसं राहतात. ती खाली येत नाहीत, खालची वर जात नाहीत. गाव त्यांना 'वरचे' म्हणतं, आणि एवढं म्हणून विषय सोडतं.

डोंगराच्या पोटात लोखंड निघालं. खाणवाले आले. डोंगर ओसाड आहे, वर चिटपाखरू नाही, असं त्यांनी लिहून दिलं. निळकंठनं हरकत घेतली. सहा महिने एकटा भांडत होता. आता शेवटची सुनावणी उद्या सकाळी अकराला होती.

"गेल्या खेपेला त्यांच्या वकिलानं भर कचेरीत विचारलं, पाहिलंय का कुणी? एक तरी माणूस दाखवा. मी गप्प. सगळे हसले."

"हसू दे."

"हसून थांबत नाहीत ते. उद्या मी रिकाम्या हातानं गेलो, तर पंधरा दिवसांत यंत्रं वर चढतील. कुठं जातील ती माणसं?"

बाबांचा हात थांबला. दोरीचा पीळ सुटला.

"पिशवीत काय आणलंस?"

"कॅमेरा. लाल कापड, चार स्टीलचे पेले. लांबूनच ठेवीन. ते घ्यायला आले, की एक फोटो. एकच."

एवढं बोलून निळकंठ शिंकला. रुमाल काढून नाक पुसलं.

बाबांनी त्याच्याकडं पाहिलं. पुष्कळ वेळ पाहिलं.

"चल," म्हणाले.

काठी घेतली आणि निघाले. सुकलीबाईची भाकरी तव्यावर करपली. "म्हातारबा, कुठं निघालात?" ती ओरडली. बाबांनी मागं पाहिलं नाही.

*

तासभर चढ होता. बाबा ऐंशीच्या घरात, तरी निळकंठला त्यांना गाठता येईना. दोन नाले ओलांडले. सागवान संपलं, बांबूचं रान लागलं. पाखरांचा आवाज कमी होत गेला.

वळणावर बाबा थांबले.

पुढं पायवाट होती आणि वाटेवर तीन फांद्या आडव्या पडल्या होत्या. एकीवर एक. पानं हिरवी होती, ताजी.

बाबा खाली बसले.

"ही त्यांची हद्द," ते म्हणाले. "गावातली गुरंदेखील इथून मागं फिरतात."

"मला माहीत आहे. याचाच फोटो दिला होता मी कचेरीत." निळकंठचा आवाज चढला. "काय म्हणाले ठाऊक आहे? जंगल आहे, फांद्या पडायच्याच. वारा असेल, म्हणाले. काय उत्तर देऊ? सांगा ना!"

"वारा..." बाबा एवढंच बोलले.

"म्हणून पलीकडं गेलं पाहिजे. तुम्ही गेला आहात. गावात म्हातारी माणसं सांगतात."

बाबांनी काठीनं मातीत एक रेघ ओढली. पुसली.

"तेव्हा मी गिरी नव्हतो, संन्यास घेतला नव्हता," ते म्हणाले. "एका साहेबाचा वाटाड्या होतो. तुझ्यापेक्षा लहान. वाट मीच काढली."

"दिसली माणसं?"

"दिसली. साहेबानं दोन घोंगड्या दिल्या होत्या. मी फांद्यांपलीकडं नेऊन ठेवल्या. एक बाई आली. भ्यायली नाही. घोंगडी उचलली, पोराला गुंडाळली. माझ्याकडं बघून हसली."

"मग?"

"मला पडसं झालं होतं."

निळकंठनं रुमाल खिशात कोंबला.

"साधं पडसं. चार दिवसांत बरा झालो मी." बाबा डोंगराकडं पाहत होते. "त्या सालापर्यंत वर सात जागी धूर निघायचा. खालून दिसायचा."

"आणि नंतर?"

बाबांनी हात वर केला. दोन बोटं.

निळकंठ त्यांच्यासमोर आला. त्याचे डोळे लाल झाले होते. रागानं की कशानं, त्याचं त्यालाच कळलं नाही.

"आणि तुम्ही कुणाला सांगितलं नाहीत! पन्नास वर्षं तोंडाला कुलूप घालून बसलात. म्हणून आज ते म्हणतात, वर कुणी नाहीच. तुमचं हे गप्प बसणंच त्यांच्या मुळावर येतंय, बाबा!"

बाण वर्मी बसला. म्हाताऱ्याची मान खाली गेली.

"खरं आहे," ते म्हणाले.

निळकंठला हे अपेक्षित नव्हतं. भांडायला समोर कुणी उरलं नाही.

"मी तोंडाला कापड बांधीन," तो म्हणाला. "शंभर पावलं लांब राहीन. पेल्यांना हात न लावता ठेवीन. मी तुमच्यासारखा अडाणी नाही, मला कळतं सगळं."

पुन्हा शिंक आली. त्यानं ती दाबली. ती दाबली गेली नाही.

बाबा काठीच्या आधारानं उठले. आता ते अडवतील, असं निळकंठला वाटलं. ते वाटेत आडवे होतील, हात धरतील, शपथ घालतील. त्याची तयारी होती.

बाबांनी वाट मोकळी सोडली. त्याच्या बाजूनं निघून गेले. उतारावर त्यांच्या काठीचा आवाज हळूहळू विरला.

निळकंठ एकटा राहिला.

त्यानं पिशवी खांद्यावर घेतली. एक पाय फांद्यांवरून उचलला.

आत बांबूत आवाज झाला. टक्... लाकडावर लाकूड.

त्याचा पाय हवेतच राहिला.

टक्... टक्.

सुतार पक्षी असेल. नसेल. त्यानं डोळे ताणले. पानं हलत नव्हती. वाराही नव्हता. मानेवरून घामाचा ओघळ आला, पण तो पुसायला हात उचलेना. आपण पाहत नाही आहोत, आपल्याला पाहिलं जातंय, हे त्याला पाठीच्या कण्यात कळलं.

नाकात हुळहुळलं. शिंक येत होती.

त्यानं पाय मागं घेतला. वळला आणि तोंड दाबून पळत सुटला. नाला येईपर्यंत थांबला नाही. शिंक नाल्यात दिली.

*

उतरता उतरता भीती गेली आणि राग आला. आपण पळालो. उद्या सुनावणीत काय सांगायचं? आवाज ऐकला म्हणून? खाणवाल्यांचा वकील पोट धरून हसेल. हे सगळं म्हाताऱ्यामुळं झालं. ते बरोबर आले असते, तर काम फत्ते होतं.

मठ दिसला तेव्हा दुपार कलली होती. आता काय तो सोक्षमोक्ष लावायचाच, असं ठरवून तो ओट्यावर चढला.

दार बंद होतं.

त्यानं ढकललं. दार हललं नाही.

"बाबा!"

उत्तर नाही.

"बाबा, मी निळकंठ! दार उघडा. मला गाडी गाठायचीय."

काही नाही. त्यानं थाप मारली. मग दोन्ही मुठींनी मारल्या. कुडाची माती झडली.

सुकलीबाई ओढ्याकडून डोक्यावर हंडा घेऊन आली. हंडा उतरवून ठेवला, पदरानं तोंड पुसलं.

"काय रे, दार बडवतोस? लगीन लागलंय का आत?"

"बाबा दार उघडत नाहीत, मावशी."

"नसतील आत. आंघोळीला गेले असतील."

"तू ओढ्यावरूनच येतेस ना? दिसले का?"

"नाही बाई." तिचा चेहरा पडला. "सकाळपासून पोटात कण नाही त्यांच्या. रानात कुठं बसले असतील. तू वर एकटं सोडलंस की काय म्हाताऱ्याला? वकील झालास आणि अक्कल गहाण टाकलीस?"

"रानात नाहीत. आत आहेत."

"पाहिलंस तू?"

"पाहायला कशाला पाहिजे?" निळकंठ चिडला. "बाबा!" त्यानं पुन्हा थाप मारली. "मी दार मोडीन हां! सांगून ठेवतो!"

त्यानं पिशवी टाकली. पेले खणखणले. दोन पावलं मागं आला, खांदा लावायच्या बेतात उभा राहिला.

सुकलीबाई दारापुढं आली. कमरेवर हात.

"आत माणूस आहे म्हणतोस, आणि दार मोडतोस? उघडायचं असतं तर उघडलं नसतं त्यांनी?"

"मग मी काय करू? उद्या अकराला सुनावणी आहे!"

"आत नसतीलच ते. रिकाम्या खोलीवर डोकं फोडतोयस. उगाच दार मात्र जाईल."

"आत आहेत, मावशी!"

"कशावरून? दिसतात का? बोलतात का? कुणी पाहिलं?"

"अगं, डोळे आहेत ना तुला?" निळकंठनं दाराकडं हात केला. "बाहेरची साखळी सुटी लोंबतेय. आणि दार उघडत नाही. म्हणजे आतून कडी आहे. ती कुणी लावली? एका आंधळ्यालाही कळेल, आत माणूस आहे! आपोआप लागते का कडी?"

सुकलीबाईनं वळून लोंबत्या साखळीकडं पाहिलं.

निळकंठचा हात तसाच राहिला, दाराकडं केलेला.

ओढ्याचा आवाज ऐकू येत होता...

मग दारामागून, अगदी जवळून, बाबांचा आवाज आला.

"वारा असेल."