ठकूबाईचा गोठा

डोंगरमाथ्यावरच्या या सपाट, खडकाळ सड्यावर आलात की डाव्या हाताला हा बुटका दगडी गोठा दिसतो. दार इतकं ठेंगणं, की मामलेदार आला तरी वाकूनच आत जातो. बघा आत, पण आवाज नको. गाभण म्हैस आहे. हा गोठा कधी रिकामा ठेवत नाहीत. का, ते असं सांगतात.

या सड्यावर पहिली चूल पेटवली जनकू येडगे आणि ठकूबाई या गवळी नवराबायकोनं. घराआधी त्यांनी गोठा बांधला आणि चार वर्षं म्हशींच्या उबेला निजली. पुढं पंचवीस घरं झाली, जनकू गेला. लिंपणात त्याच्या बोटांचे फराटे राहिले. म्हातारी रोज त्यांवरून हात फिरवायची म्हणे. मूलबाळ नव्हतं, तिचं जे काही होतं ते त्या भिंतीतच.

एका उन्हाळ्यात वस्तीनं मोठा गोठा बांधायचं काढलं. पुतण्या बमू पहार घेऊन आला.

"काकू, दगडं घडीव हाईत. पडक्यात कशाला ठेवायची?"

ठकूबाई भांडली नाही. "ने बाबा. पन माजी म्हस व्यायला झालीय, तिला मोकळी हू दे."

गाभण जनावराच्या डोक्यावरचं छप्पर गवळी काढत नाही. बमू थांबला. म्हैस व्यायली, तर दाव्याला शेजारच्या सुनेची म्हैस! ती व्यायली, तर तिसऱ्या घरची. या सगळ्या बायकांची बाळंतपणं ठकूबाईनंच केली होती. त्या आपणहून एकीमागून एक गाभण म्हैस आणून बांधत होत्या. बमूनं कपाळावर हात मारला आणि दगड ओढ्यातून वाहून आणले.

दोन वर्षांनी ठकूबाई गेली. तिला पोचवून माणसं परतली, तर गोठा रिकामा. दुःखात पुढची म्हैस आणून बांधायचं कुणाला भानच नव्हतं. बमू घराकडं वळला. पहार आणायला गेला, असंच बायकांना वाटलं. तो आला तो स्वतःची म्हैस घेऊन.

"आवं, तिला व्यायला अजून सात म्हयने हाईत," बायको म्हणाली.

"मंग ऱ्हाईल सात म्हयने," बमू म्हणाला, आणि भिंतीकडं तोंड करून रडला.

आजही एक म्हैस सुटायच्या आधी दुसऱ्या घरची इथं येते. आता आहे ती बमूच्या पणतवाची. तिला अजून पाच महिने आहेत.