सामाईक काही चालणार नाही

सांगलीतल्या एका सॉफ्टवेअर कंपनीचे संचालक वामनराव पेशकार यांना समारंभांची भारी हौस. कंपनीत जावास्क्रिप्टचे डझनभर प्रकल्प चालत आणि कंपायलर नावाच्या प्रोग्रॅमने कोड कोणत्या नियमांनी तपासायचा, हे प्रत्येक प्रकल्पाच्या वेगळ्या फाइलीत लिहिलेलं असे. त्यातला एखादा नियम बदलायचा झाला की साहेब प्रत्येक टीमच्या टेबलाशी जाऊन नारळ फोडत, भाषण करत आणि मगच परवानगी देत. सगळे कीबोर्ड चिकट झाले होते. कॅन्टीनमध्ये रोज खोबऱ्याची वडी असे.

शेवटी शर्वरी डहाळे नावाच्या इंजिनिअरने वैतागून सगळे नियम एकाच सामाईक फाइलीत ठेवले आणि एकेक ओळ लिहून सगळे प्रकल्प तिला जोडून टाकले. आता बदल एकदाच करायचा, तो सगळीकडे लागू.

साहेब भडकले. अख्ख्या कंपनीला सभागृहात बोलावून ते गरजले, "डहाळे, आजच्या आज ती फाइल काढा, नाहीतर राजीनामा द्या! माझा प्रत्येक प्रकल्प स्वतःच्या पायावर उभा राहील. ज्याचं त्याचं वेगळं हवं. सामाईक काही चालणार नाही!"

"काढते, साहेब," शर्वरी शांतपणे म्हणाली. "पण मग प्रत्येक प्रकल्पाला वेगळा संचालकही नेमावा लागेल. सध्या सगळ्यांत मिळून तुम्ही एकटेच आहात."

मागच्या रांगेत कुणीतरी फिसकन हसलं. साहेबांनी घसा खाकरला, टाय सारखा केला.

"तसं पाहिलं तर," ते म्हणाले, "सामाईक असण्यात वाईट काहीच नाही."