मोरीवरचं अळू

"म्हणजे गावच्या मोऱ्यांचं पाणी मी देवाच्या जास्वंदीला घालायचं?"

त्र्यंबक सकाळपासून हेच विचारत होता. चिंतोबुवा मठाच्या ओट्यावर सुपारी कातरत बसले होते.

"हूं," बुवा म्हणाले.

"हूं म्हणजे हो की नाही?"

"हूं म्हणजे ऐकतोय."

ओट्याच्या पायरीवर गिरिजाबाई बसल्या होत्या. त्या टेकडीखालच्या बोरखडीच्या सरपंच. गावच्या विहिरी आटल्या होत्या आणि उरलेल्या एकीचं पाणी खारट झालं होतं. टेकडीवरच्या मठाची विहीर तेवढी भरलेली, गोड पाण्याची. पण ते गोड पाणी पीत होती मठाची बाग.

बाई खटपटी. त्यांनी गावच्या मोऱ्यांचं पाणी एका तळ्यात वळवलं, वाळूतून गाळलं, कर्दळीच्या वाफ्यांतून फिरवून स्वच्छ केलं. आता त्यांचं म्हणणं सरळ होतं. हे पाणी बागेने घ्यावं, विहिरीचं गावाने प्यावं. पंपघरापासून गावापर्यंत नळही टाकून ठेवले होते.

अडलं होतं एका किल्लीपाशी. मठाच्या उतारावरच्या पंपघराची किल्ली त्र्यंबकच्या जानव्यात अडकवलेली असे, आणि त्र्यंबक म्हणजे सोवळ्याचा पुतळा. पूजा त्याची, बाग त्याची. सोवळ्यात असला की वाऱ्यालासुद्धा लांबून जा म्हणायचा.

"बुवा, तुम्ही सांगा ना यांना," गिरिजाबाई म्हणाल्या. "माझ्या सुनेचे दिवस भरत आलेत. पोटुशी बाई रोज हंडा घेऊन ओढ्यापर्यंत जाते. मला बघवत नाही हो."

"माझं काय दगडाचं काळीज आहे?" त्र्यंबक म्हणाला. "सुनेसाठी हंडा भरून न्या की."

"आणि बाकीच्या सुनांना काय सांगू?"

त्र्यंबकने आवाज चढवला.

"गटार ते गटार. ते पाणी बागेत आलं, त्या दिवशी मी मठ सोडीन."

बुवांनी अडकित्ता खाली ठेवला.

"जेवून जाशील ना?"

"बुवा, मी गंमत करत नाहीये."

"मीही नाही. आज अळूचं फदफदं आहे."

त्र्यंबक जरा घुटमळला. अळू म्हटलं की त्याचं सोवळंसुद्धा सैल व्हायचं, हे अख्ख्या मठाला ठाऊक होतं.

...

"पण तुझं बरोबर आहे," बुवा म्हणाले.

गिरिजाबाईंनी चमकून वर पाहिलं. त्र्यंबकची छाती फुगली.

"वापरलेल्या पाण्यावर वाढलेलं काही देवापुढे जाता कामा नये. आजपासूनच. नैवेद्य आण, आणि तूच पारखून घे."

त्र्यंबकने नैवेद्याचं पान आणून देवापुढे ठेवलं. वरणभात, अळू, दही, लिंबाची फोड. अळूची वाफ ओट्यापर्यंत आली.

"पान कुठलं?" बुवांनी विचारलं.

"आपल्याच केळीचं."

"केळ कुठे आहे?"

"मागे... न्हाणीच्या..."

"न्हाणीच्या?"

"...पन्हाळीशी."

"न्हाणीत आंघोळ कोण करतं?"

"मी," त्र्यंबक हळूच म्हणाला.

"मग पान बाजूला ठेव. अळू कुठलं?"

त्र्यंबकने अळूकडे पाहिलं. दाणे घातलेलं, मुळ्याच्या फोडींचं, वरून फोडणी दिलेलं अळू होतं ते.

"अळू मोरीवरच फोफावतं," गिरिजाबाईंना राहवलं नाही. "आमच्याकडंही..."

"तुम्ही मध्ये बोलू नका, बाई. पारख चालू आहे."

त्याच न्हाणीच्या मोरीवरचं अळू बाजूला गेलं. लिंबूही गेलं, कारण लिंबाचं झाड भांडी घासायच्या दगडापाशीच होतं.

"दही?"

"दही आपल्या म्हशीचं," त्र्यंबक जोरात म्हणाला. "त्यात काही नाही."

"म्हैस पाणी कुठे पिते?"

"डबक्यात."

"आणि बसते कुठे?"

...

"डबक्यातच," त्र्यंबक म्हणाला आणि त्याने दह्याची वाटी स्वतःच उचलली.

वरणभात तेवढा राहिला. बुवांनी भाताकडे बोट केलं.

"हा तांदूळ कुणाच्या शेतातला?"

"बाजारातला. आता तो शेतकरी मी कुठे शोधू?"

"नाही ना सापडत? मग तोही बाजूला."

देवापुढे आता नुसती समई उरली. देव उपाशी म्हणजे मठ उपाशी, हा नियम त्र्यंबकनेच घालून दिलेला होता आणि आजवर कडकपणे पाळलाही होता. आत त्याच्या पोटात कावळे ओरडत होते. बाजूला ठेवलेलं अळू निवत चाललं होतं.

"राहिलं तर राहिलं," त्र्यंबक रडवेला होऊन म्हणाला. "निदान तीर्थ तरी द्या."

त्याने सवयीने उजव्या हाताचा द्रोण केला, खाली डावा हात धरला. रोज सकाळी देवाला तोच न्हाऊ घालायचा आणि ताम्हनातलं ते पाणी तीर्थ म्हणून वाटताना कुणाला थेंबभर कमी-जास्त झालं तर भांडायचा.

बुवांनी ताम्हनात पळी बुडवली. भरलेली पळी त्याच्या हातावर आणली आणि तिथेच थांबवली.

"त्र्यंबका, हे कुणाच्या आंघोळीचं?"

...

त्र्यंबकचा हात तसाच राहिला. पळीही तशीच राहिली. गिरिजाबाईंनी तोंडावर पदर धरला. हसू दाबत होत्या की रडू, ते त्यांनाच ठाऊक.

मग त्र्यंबकने हात मागे घेतला. जानवं पुढे ओढलं आणि किल्लीची गाठ सोडायला लागला. गाठ घामाने भिजून आवळली होती. नखं लावली, दात लावले. सुटेना.

"बाई," तो शेवटी म्हणाला, "तुम्हाला सुटते का बघा."

सोवळ्यातल्या त्र्यंबकच्या जानव्याला गिरिजाबाईंनी हात लावला. गाठ सुटली. किल्ली मुठीत घट्ट धरून त्या उतारावरून गेल्या. इतक्या घाईने की एक चप्पल पायरीशीच राहिली.

त्र्यंबकने पुन्हा हात पुढे केला. बुवांनी पळी रिकामी केली.

मग पान परत आलं, अळू आलं, म्हशीचं दहीसुद्धा आलं. देवाला नैवेद्य दाखवला आणि दोघे जेवायला बसले. त्र्यंबक सुरुवातीला मान खाली घालून जेवत होता. अळू दुसऱ्यांदा वाढून घेतलं तेव्हा मात्र त्याने मान वर केली.

"बुवा, आज अळू फार चांगलं झालंय."

"आंघोळ तूच करतोस," बुवा म्हणाले.

खालून पंप सुरू झाल्याचा आवाज आला. गावात बायांचा गलका उठला. त्र्यंबक ऐकत बसला, आणि त्याचे डोळे भरून आले. ते त्याने उपरण्याने पुसले आणि खरकटा हात घेऊन उठला. नेहमीसारखा मोरीकडे निघाला.

"तिकडे कुठे?" बुवा म्हणाले. "हात जास्वंदीपाशी धू."