तळ्यातलं देवधान

"मग माझ्या धानाच्या बांधीत पहाटे जातं तरी कोण, महाराज?"

सोमगिरी महाराज तळ्याच्या पायरीवर बसून पाय धूत होते. धूतच राहिले.

मठाची शेती सांभाळणाऱ्या हंसगिरीने मुठीतली कागदी पिशवी त्यांच्यापुढे ठेवली. बोटाएवढी, पातळ. मठाच्या धानाच्या लोंबीवर कुणीतरी ती दोऱ्याने बांधली होती. आतल्या फुलांची टोकं कात्रीने वेडीवाकडी छाटलेली होती. अशा पिशव्या बांधीभर लोंबत होत्या.

त्याचा संशय आधी गावच्या पोरांवर गेला, मग बियाणं विकणाऱ्या दुकानदारावर. आज मात्र बांधावर खडावांचे ठसे दिसले. चिखलात खडावा घालून फिरणारा माणूस पंचक्रोशीत एकच होता.

मठाचं बियाणं म्हणजे हंसगिरीचा जीव की प्राण. आसपासची गावं अक्षय तृतीयेला मठातूनच धानाचं बी नेत. त्यात भेसळीचा एक दाणा सापडला तर हा दिवसभर जेवत नसे. पण दोन वर्षं पाऊस मध्येच दडी मारत होता आणि ऐन कापणीच्या तोंडावर कोसळत होता. शुद्ध धान अगदी शुद्धपणे आडवं झालं. यंदाही तसंच झालं तर दुकानातून बी आणू, असं गावकऱ्यांनी तोंडावर सांगितलं होतं.

"मीच जातो," महाराज म्हणाले.

"कशाला?"

"लग्न लावायला."

"कुणाचं, कुणाशी?"

महाराजांनी हनुवटीनेच तळ्याचा कोपरा दाखवला.

तिथे देवधान उभं होतं. न पेरलेलं, लांब कुसळांचं. काही लोंब्या फुलोऱ्यात, काही पिकलेल्या. ऋषिपंचमीला नांगर न लागलेला दाणा लागतो, म्हणून तेवढा कोपरा मठात कुणी साफ करत नसे. हंसगिरीला तो डोळ्यांसमोर नको होता. गेल्या उन्हाळ्यात तळं आटलं तेव्हा त्याने देवधान मुळासकट खणून काढलं आणि पंचमीचा दाणा बाजारातून आणला. पाणी आलं, आणि त्याच भेगाळलेल्या चिखलात गळून राहिलेल्या दाण्यांतून ते पुन्हा वर आलं.

संन्यासाआधी महाराज धान संशोधन केंद्रात दोन वाणांचे संकर करत, हे सगळ्यांना ठाऊक होतं. त्यांच्या हातांनी ते काम अजून सोडलं नव्हतं, हे आज कळलं.

"ह्या रानटाची संगत माझ्या धानाला?"

"पाऊस गेला तेव्हा तुझं धान काय करत होतं?"

"वाळत होतं."

"आणि ते?"

"उभं होतं. पण ते दगाबाज आहे, महाराज. दाणा पिकला की टाकून मोकळं. आपल्या हाताला लागू देत नाही."

"त्याचा आपल्यावर भरवसा नाही."

"का?"

"तुला ओळखतं."

हंसगिरीचे कान तापले. "आणि तोच गुण माझ्या धानाला लागला तर? लोकांनी काय चिखल चाळत बसायचं?"

"लागेल. आधी तोच लागेल."

"मग?"

"मग तू निवडशील. गळणारं काढशील, तगणारं ठेवशील. पुन्हा लग्न लावशील, पुन्हा निवडशील. आठ-दहा वर्षं जातील."

"मी?"

महाराजांनी दोन्ही हात पुढे केले. बोटं थरथरत होती. फुलांची टोकं इतकी वेडीवाकडी का छाटली होती, ते हंसगिरीला आता समजलं.

त्याला भडभडून आलं. आणि पाठोपाठ संशयही आला... हा सगळा घाट आपल्याला अडकवण्यासाठीच तर नाही?

"मला आधी विचारलं का नाही?"

"विचारलं असतं तर?"

"नाही म्हणालो असतो."

"म्हणून."

वाऱ्याने देवधान हललं. पायरीवरची रिकामी पिशवी घरंगळत पाण्याच्या कडेला गेली. हंसगिरीने ती उचलली नाही. त्याच्या मनात काय चाललं होतं ते शेवटी ओठांवर आलंच.

"आणि तुमच्यामागे मी हे सगळं काढून फेकलं तर? बांधीतलंही... आणि ह्या कोपऱ्यातलंही?"

बोलून गेला आणि स्वतःच घाबरला.

महाराज रागावले नाहीत. उठले, धोतर खोचलं, गुडघाभर पाण्यातून कोपऱ्यापाशी गेले. एक पिकलेली लोंबी त्यांनी थरथरत्या बोटांत धरली आणि नुसती टिचकी मारली.

दाणे पाण्यात पडले, बुडाले, चिखलात दिसेनासे झाले.

मग दुसरी लोंबी. मग तिसरी. कोपऱ्यात एकही पिकलेली लोंबी उरली नाही, तोवर ते थांबले नाहीत.

मग ते मागे वळले.

"आता उपट."