खारूताईला किती मार्क?

आमच्या मुलांच्या शाळेचे अध्यक्ष दाजीसाहेब मोरबाळे यांचा हुकूम सुटला, "सहामाहीचे मार्क नावासकट पालकसभेत पडद्यावर दाखवा. चारचौघांत लाज वाटली की पोरं आपोआप अभ्यासाला लागतात."

वर्गशिक्षिका ढमढेरे बाई नुसतं "बरं" म्हणाल्या. त्यांनी प्रत्येक मुलाला एक टोपणनाव निवडायला लावलं. ते फक्त आईबाबांनाच सांगायचं, अशी सक्त ताकीद दिली.

सभेत एक्सेलची शीट पडद्यावर उघडली. अडुळसा, खारूताई, टिटवी, दोडका आणि पुढे मार्क! आम्ही पालक आपापली ओळ शोधून मुकाट वाचत होतो.

दाजीसाहेब कडाडले, "बाई, हा काय पोरखेळ? मला यातलं एकही पोर सापडत नाही!"

बाई आमच्याकडे वळल्या. "आपलं मूल कुणाला सापडलं नाही?"

एकही हात वर झाला नाही.

"साहेब, ज्यांना आपलं मूल शोधायचं होतं, त्यांना ते सापडलं. अडचण फक्त दुसऱ्याचं शोधणाऱ्याला येतेय."

दाजीसाहेब खाली बसले आणि शेजारी बसलेल्या सुनेच्या कानाशी लागले, "आपली चिमी यातली कोणती गं?"

सूनबाई पडद्यावरची नजर न काढता म्हणाल्या, "ते फक्त आईबाबांना सांगायचं असतं, मामंजी."